रुख्माबाईनं गुरुजींना वर्गात पाठवलं

बालाघाटकडं लामत्याची सडक जिथं धानाच्या बांध्यांमधून खाली उतरते, तिथं पिपरटोला नावाचं गाव आहे. त्रेसष्ट-चौसष्ट साली तिथल्या शाळेला एक खोली होती, पुढं पडवी, अंगणात सरकारी विहीर, आणि पाच वर्गांना मिळून एक मास्तर. त्या काळची पोरं आता केस पिकलेली माणसं झाली आहेत. तरी शाळेचा विषय निघाला की आधी रुख्माबाईचं नाव निघतं, मास्तरांचं मागून.

रुख्माबाई बौद्ध वस्तीत राहायची. नवरा चैतराम मँगनीजच्या खाणीवर कामाला, रविवारचा घरी यायचा. ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. नागपूरला दीक्षेला दोघं नवराबायको बरोबर गेले होते, गर्दीत उभे राहिले होते. परत येताना गाडीतच तिनं ठरवलं होतं, पोटाला लेकरू येईल ते शाळेत जाईल. कमला झाली, शाळेतही गेली. पण दुसरीत आली तरी पुस्तक हातात दिलं की चित्रावर बोट ठेवून बसायची.

एक दिवस बिड्यांचं सूप तसंच टाकून रुख्माबाई तडक शाळेत गेली. प्रेमलाल गुरुजी अंगणात चुलीपुढं उकिडवे बसले होते. सरकारकडून दुधाची भुकटी यायची, ती उकळून पोरांना वाटायची असे. गुरुजींचे डोळे धुरानं लाल झाले होते, धोतरावर राख होती. आत साठ पोरांचा कल्ला चालला होता.

"गुरुजी, माही पोरगी दुसरीत हाय," ती म्हणाली, "तिले आपलं नाव वाचता येत नाई. काहून?"

गुरुजींनी वर पाहिलं. रागावतील असं तिला वाटलं होतं. ते फुंकणी बाजूला ठेवून म्हणाले, "बस रुख्माबाई. सांगतो काहून ते."

मग त्यांनी सगळा दिवसच सांगितला. सकाळी येऊन खोली झाडायची. विहिरीचं पाणी काढून रांजण भरायचा. कुणाला ताप आला, कुणाचं डोकं फुटलं, त्याला घरी पोचवायचं. जे आलं नाही त्याला शेतातून धरून आणायचं. दूध उकळायचं, वाटायचं, दुधाचा मोठा गंज घासायचा. शाळेची डाक बसनं धाडायला सडकेवर वाट पाहत बसायचं. "पुस्तक हिंदीचं, पोराईची बोली घरची. एक धडा दोनदा सांगा लागते. दिवसातून अर्धा घंटा राह्यते मले शिकवाले. त्यात काय काय बसवू?"

रुख्माबाई चुलीपाशी सरकली. मग तिनं पदर खोचला आणि फुंकणी उचलली.

"उठा तुमी. जा अंदर. दूध मी पाहतो."

"अवो, पण..."

"मले दूध उकळता येते, गुरुजी. शिकवता येत नाई."

त्या दिवसापासून ती रोज येऊ लागली. बिड्या पहाटे आणि संध्याकाळी वळायची, मधला दिवस शाळेचा. आठवड्याभरात तिनं एकेक काम गुरुजींच्या हातून काढून घेतलं. आधी पाणी, मग झाडू, मग घंटा. नाक गळणाऱ्या पोरांना ती दारातच धरायची आणि तोंड धुऊनच आत सोडायची. गैरहजर पोरांची नावं गुरुजी सांगायचे, ती बांध्यांवर जाऊन आईबापांशी भांडून त्यांना आणायची. सडकेवर डाक न्यायला लागली तेव्हा कंडक्टर तिला मास्तरीणबाई म्हणायचा. ती म्हणायची, "मास्तर अंदर हायेत. मी बाहेरची हाय."

शाळेचा आवाजच बदलला. पूर्वी नुसता गोंगाट असे, आता पाढे ऐकू यायचे. शेतात निंदण करणाऱ्या बायका पाठ सरळ करून ऐकायच्या. मध्ये शांतता पडली की कळायचं, गुरुजी काही समजावून सांगताहेत. पावसाळा सरता सरता कमला अक्षराला अक्षर जोडू लागली होती.

दिवाळीनंतर बिनसलं. गावचे पटेल दुलीचंद दोन माणसं घेऊन शाळेत आले. रुख्माबाई विहिरीवर होती, तिच्यापुढून ते सरळ आत गेले. "गुरुजी, आमची पोरं तिच्या हातचं पाणी पिणार नाहीत," एवढं तिला बाहेर ऐकू आलं. गुरुजी म्हणाले, "मग तुमच्या घरून कोणी माणूस पाठवा. मी शिकवणं सोडणार नाही." पटेल म्हणाले, पाठवतो.

रुख्माबाईनं बादली काठावर ठेवली, दोर गुंडाळून त्यावर ठेवला आणि घरी आली. गुरुजी मागून दारापर्यंत आले होते. त्यांच्याकडे तिनं पाहिलं नाही. त्या दिवशी तिच्या हातून एकही बिडी नीट वळली गेली नाही, पानं फाटत होती.

पटेलांच्या वाड्यावरचा गडी चार दिवस आला. मग धानाची कापणी लागली आणि तो येईनासा झाला. गुरुजी पुन्हा चुलीपुढं बसले.

दुलीचंदांची आई जिजाबाई तेव्हा सत्तरीची होती. तिचा धाकटा मुलगा वसंता भिलाईच्या कारखान्यात लागला होता, त्याचं दर महिन्याला पोस्टकार्ड यायचं. दुलीचंद ते घाईघाईनं वाचायचे आणि अर्धं गिळायचे. म्हणून म्हातारीला नातू मोतीलाल प्यारा होता. तो दुसरीत होता आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचायचा. मागच्या दोन कार्डांतले सोपे शब्द त्यानं वाचले होते. या वेळी तो पहिल्याच ओळीत अडला.

"काय झालं रे?"

"जोडाक्षर आहे, आजी. गुरुजींनी शिकवलं नाही अजून."

"काहून नाई शिकवलं?"

"गुरुजी चुलीपाशी असतात ना."

म्हातारीनं कार्ड त्याच्या हातून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि कनवटीला लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काठी टेकत ती बौद्ध वस्तीत आली. तिचा जन्म या गावातला, पण या बोळात ती कधी आली नव्हती. रुख्माबाई अंगणात बिड्या वळत होती. ती उठून उभी राहिली, पण या म्हणाली नाही.

"रुख्मा, उद्यापासून शाळेत जाजो," जिजाबाई म्हणाली. "दुल्यासंग मी बोलली."

"काय बोलल्या?"

"ते तुले काय करायचं हाय? तू जा म्हणजे झालं."

रुख्माबाईनं हातातली बिडी सुपात ठेवली. एवढी मोठी बाई दारात उभी, शब्द कसा मोडावा? तरी ती बोलली. "येईन, पटलीनबाई. पण पोरं एकाच रांजणाचं पाणी पितीन. माह्या हातचं. कोणाले वेगळं नाई. असं नसन तर माह्या बिड्याच बऱ्या."

जिजाबाईनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. शेजारच्या दारांत बायका जमल्या होत्या.

"हौ," म्हातारी शेवटी म्हणाली आणि वळून चालू लागली.

सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही. चार-पाच घरची पोरं पुढचं वर्षभर आपापले लोटे आणत राहिली. रुख्माबाईनं ते पाहिलं आणि सोडून दिलं. धावून धावून तहान लागली की तीच पोरं लोटा विसरून रांजणाकडे धावायची. मोतीलालनं पुढच्या महिन्याचं कार्ड 'क्वार्टर'च्या जोडाक्षरासकट खडाखडा वाचलं.

एकाहत्तर साली तिच्या नावाचा कागद आला, त्यावर हुद्दा होता 'भृत्य', म्हणजे शिपाई. कमला तोवर बालाघाटला शिकायला गेली होती. कागद आला म्हणून रुख्माबाईचं काम बदललं नाही. फक्त चैतराम खाणीवर सगळ्यांना सांगत सुटला की माझी बायको सरकारी शाळेत आहे.

चौऱ्याहत्तरमध्ये गुरुजींची बदली किरनापूरला झाली. शेवटच्या दिवशी ते पाचवीला भूगोल शिकवत होते, वैनगंगेचा धडा. अकरा वर्षांत रुख्माबाईनं कितीतरी धडे ऐकले होते, पण सगळे तुकड्यातुकड्यांनी, गंज घासता घासता, झाडू मारता मारता. धडा रंगात यायचा आणि तिला कुणा रडणाऱ्या पोराकडे धावावं लागायचं. त्या दिवशी तिनं हातातलं काम ठेवलं आणि उंबऱ्याला टेकून बसली.

गुरुजींनी तिला पाहिलं. त्यांनी आवाज थोडा वाढवला. नदी शिवनीकडून कशी निघते, बालाघाटजवळून कशी जाते, पुढं कोणकोणत्या नद्या तिला येऊन मिळतात, सगळं सावकाश सांगितलं, आधी हिंदीत आणि मग घरच्या बोलीत. घंटेची वेळ होऊन गेली. घंटा देणारी उंबऱ्यात बसली होती, आणि पोरांपैकीही कुणी आठवण केली नाही.