डाव्या बाजूचं रबर

आमचे साडू ब्रह्मदेवाच्या जागी असते तर हे जग अजून निर्माण व्हायचं असतं. माणूस घडवायला माती तांबडी घ्यावी की काळी, यावर ते अजून दोन्हींचे नमुने तळहातावर घेऊन चुरून बघत बसले असते, आणि खोळंबलेल्या तेहतीस कोटी देवांना म्हणाले असते, "घाई काय आहे? एकदा टाकली की टाकली." साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला खांदेश्वरला, नोकरी उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात. आलेल्या कंटेनरला कुठे पोचा आहे, कुठे गंज आहे हे बघून शेरा मारायचं काम. या नोकरीने त्यांचा स्वभाव असा झाला, की स्वभाव असा म्हणून नोकरी टिकली, ते मला अजून कळलेलं नाही. पंखा घ्यायला गेले तेव्हा त्यांनी दुकानातला एकेक पंखा चालू करायला लावला आणि प्रत्येकाखाली डोळे मिटून उभे राहिले. गिऱ्हाइकाला भोवळ आली असं समजून दुकानदाराने पाणी मागवलं. फ्लॅट बघायला गेले तेव्हा भर दुपारी रिकाम्या बेडरूममध्ये लादीवर आडवे झाले, कारण वरच्या घरातला मिक्सर खाली ऐकू येतो का हे त्यांना आधी बघायचं होतं. लग्नाच्या वेळी तर ते पुन्हा पुन्हा येऊन पोहे खाऊन गेले आणि दर वेळी "कळवतो" म्हणाले. शेवटी माझ्या मेहुणीनेच, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, बशी त्यांच्यासमोर ठेवत सांगितलं, "आता हो म्हणा. घरातले पोहे संपले." ते हो म्हणाले. साडूंच्या आयुष्यात झटपट झालेला हा एकच निर्णय, आणि तोही ताईने घेतलेला.

अशा माणसाकडे स्पोर्ट्स कार असावी हा नियतीचा विनोद. लाल रंगाची, दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकलेली जुनी परदेशी गाडी. कुणा बिल्डरच्या मुलाने हौस फिटल्यावर विकली ती यांनी घेतली. यार्डात जायला कंपनीची बस, भाजीला पायी, आणि गाडी मात्र रविवारी पुसायला. पण हिवाळ्यात एकदा ते दोघं त्याच गाडीने दक्षिणेकडच्या एका रेसच्या ट्रॅकवर जायचे. तिथे हौशी लोकांना आपापली गाडी मनसोक्त पळवू देतात. घरात चहात साखर किती यावर विचार करणारा हा माणूस हेल्मेट चढवलं की वळणावर क्षणभरही विचार करत नसे, असं ताई सांगायची. ती कठड्यापाशी छत्री उघडून, मांडीवर थालीपिठांचा डबा घेऊन बसायची आणि दर फेरीला हात हलवायची. "मला त्यातलं काही कळत नाही. पण तिथे हे कुणीतरी वेगळेच दिसतात. लग्न ठरवताना मला हाच माणूस दाखवला असता तर एवढे पोहे वाया गेले नसते," असं ती म्हणायची, आणि साडू लाजून चष्मा पुसायचे.

मग गाडीचे बुश गेले. बुश म्हणजे काय हे मला त्यांनी इतक्यांदा समजावलंय की मी आता झोपेतही सांगेन. चाकाला धरणारे लोखंडी हात गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात तिथे मध्ये रबराच्या जाड गोल बांगड्या असतात. त्या झिजल्या, चिरल्या की खड्ड्यात खडखडाट होतो आणि वळणावर चाक भरकटतं. त्या बदलायच्या म्हटलं की तीन वाटा. साधं रबर, ते मऊ. पीयू नावाचं कडक प्लास्टिकसारखं काहीतरी, ते ट्रॅकवर उत्तम. आणि थेट लोखंडी गोळा, तो निव्वळ रेसचा. "रबर म्हणजे आई," साडू सांगत. "बाहेर काय चाललंय ते लेकराला कळूच देत नाही. पीयू म्हणजे मास्तर, सगळं कळवतो, वर छडीही मारतो. आणि लोखंडी गोळा म्हणजे पोलीस." आता ज्या गाडीला रस्त्यावरही चालायचंय आणि ट्रॅकवरही, तिला आई द्यावी की मास्तर? हा प्रश्न आमच्या दोन्ही घरांना दीड-दोन वर्षं पुरला. त्यांनी नमुने आणले. फ्रीजरमध्ये बर्फाशेजारी ठेवले, गच्चीत उन्हात ठेवले. ट्रॅकवर ते तापतात म्हणून एकदा कुकरमध्ये उकळले. ताईने तो कुकर पुढे कधी वापरला नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी आमच्या सोफ्याच्या दोन पायांखाली रबर आणि दोन पायांखाली पीयू सरकवलं आणि पाहुण्यांना आळीपाळीने बसवून, "काही जाणवतं का?" असं विचारत फिरले. माझ्या बॉसला जाणवलं की आपण सोफ्यावरून पडतोय.

शेवटी त्यांनी ठरवलं. पीयू. पार्सल आलं, आणि त्या आनंदात ताईने शिरा केला. शिरा ढवळताना तिच्या पाठीत कळ आली आणि ती ओट्याला धरून खाली बसली.

पाठीचं दुखणं म्हणून मलम झालं, शेक झाला, पट्टा झाला. मग तपासण्या झाल्या, आणि मग डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला. दुसरीकडे सुरू झालेलं ते दुखणं मणक्यात पोचलेलं होतं. खारघरच्या हॉस्पिटलात सारखं जायचं होतं, रेडिएशनला. खांदेश्वरहून खारघर काही लांब नाही, पण वाटेत कळंबोलीचं सर्कल आहे. ट्रेलरच्या चाकांनी तिथला रस्ता जसा केलाय तसा तो फक्त धडधाकट पाठीच्या माणसांसाठी आहे. आम्ही म्हटलं अॅम्ब्युलन्स बोलावू, माझी गाडी घ्या, मोठी टॅक्सी करू. ताई ऐकेना. "अॅम्ब्युलन्स आली की सोसायटीतली माणसं खिडकीत येतात," ती म्हणाली. "लाल गाडी निघाली की पण येतात. पण ती गाडी बघायला येतात." तिला त्या गाडीत बसवणं म्हणजे जमिनीवर पंगतीला बसवण्यासारखं होतं. तरी ती साडूंच्या गळ्यात हात टाकून हळूहळू बसायची, सीट मागे लवंडायची आणि खिडकीतल्या माणसांना हात हलवायची. चिरलेले बुश खड्ड्यात खाड्कन वाजायचे, तेव्हा ती दाराची मूठ धरायची.

आता तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? रबर टाकायचं. आम्हीही तेच म्हणालो. साडूही, त्यांच्या मानाने विजेच्या वेगाने, तेच म्हणाले. त्यांनी रबराचे बुश आणले आणि ताईला दाखवले. ताईने ते हातात घेतले नाहीत.

"पीयू आणले होतेत ना?"

"अगं, तुला त्रास होईल त्याने."

"हिवाळ्यात ट्रॅकवर जायचंय आपल्याला," ताई म्हणाली. मी तिथेच होतो, बायको चहा गाळत होती. "मऊ टाकलंत म्हणजे जायचं नाही असं ठरवलंत तुम्ही. म्हणजे मी काही बरी होत नाही असं ठरवलंत. तसं असेल तर तोंडाने सांगा, रबर कशाला दाखवता?"

साडूंनी रबर पुन्हा खोक्यात ठेवलं. हा माणूस जन्मभर साध्यासाध्या गोष्टींवर अडला आणि आम्ही हसलो. पण या वेळी ते जिथे अडले तिथे मीही अडलो असतो. कडक टाकावं तर तिचा जीव खड्ड्याखड्ड्याला कळवळणार. मऊ टाकावं तर आपल्याच हातांनी तिला सांगायचं की तू चाललीस. पुढचे काही दिवस ते जेवायला बसले की घास हातातच राहायचा.

आणि मग त्यांनी जे केलं ते गाडीतलं ओ की ठो न कळणाऱ्यानेही केलं नसतं. तळवलीला त्यांचा नेहमीचा गॅरेजवाला आहे, मूळचा तिथलाच आगरी माणूस. मी सोबत गेलो होतो. साडूंनी त्याला सांगितलं, उजव्या बाजूला पीयू टाक, डाव्या बाजूला रबर. आपल्याकडे डावीकडे बायको बसते. गॅरेजवाल्याने पाना खाली ठेवला.

"साहेब, असा कोन करत नाय. एका बाजूला मऊ न् एका बाजूला करक? ब्रेक मारला की गारी डावीकरं जाईल. तुमाला म्या सांगायला पायजे काय?"

"नाही," साडू म्हणाले. "मला माहीत आहे."

"मंग?"

"मग टाक."

घरी येऊन ताईला त्यांनी सांगितलं, पीयू टाकले. खोटं नव्हतं ते, अर्धं खरं होतं. पीयूचं ग्रीस लागून काळं झालेलं बोट त्यांनी तिला दाखवलं, पुरावा म्हणून. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलला जाताना मी मागून माझ्या गाडीने गेलो. तुम्हाला सांगतो, ट्रॅकवर त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण कळंबोलीच्या सर्कलला पाहिलं. खड्डा दिसला की ते गाडी अशी न्यायचे की तो उजव्या चाकाखाली यावा, त्यांच्या स्वतःच्या. डावं चाक सपाटीवरून, उजवं खड्ड्यातून. मागून ट्रेलरवाले शिव्या घालत होते, रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, आणि ती लाल गाडी पोटातलं पाणी हलू न देता सरकत होती. ब्रेक लावला की ती डावीकडे ओढायची, आणि ते दोन्ही हातांनी तिला सरळ धरायचे.

त्या पावसाळ्यात ताई पार वाळली. एकदा हॉस्पिटलमध्ये नंबर यायची वाट बघत होतो, साडू औषधं आणायला खाली गेले होते. ताई मला म्हणाली, "पीयू एवढं मऊ असतं होय? उगाच घाबरले होते मी." मी छताकडे बघायला लागलो. ती हसली. हसतानाही तिला दुखत होतं. "त्यांना सांगू नका मला कळलंय म्हणून. गाडी माझ्या बाजूला ओढते आणि त्यांचे दंड थरथरतात. मला दिसत नाही का? इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलेय." मग म्हणाली, "ट्रॅकवर आता जाणं होत नाही, हे मला कळतं हो. पण मी विषय सोडला की ते खचतील. म्हणून लावून धरलंय." म्हणजे दोघंही एकमेकांना तेच खोटं सांगत होते, आणि ते खोटं टिकवायला चार चाकं झटत होती.

थंडी पडायच्या आधीच ताई गेली.

दिवसवार झाले. सगळे आपापल्या कामाला लागले. बायको माझ्या मागे लागली की गाडी तशी धोक्याची आहे, भाऊजींना घेऊन जा आणि दोन्ही बाजू सारख्या करून आणा. खरं सांगायचं तर मला गाडीपेक्षा त्यांची काळजी होती. कारण साडू आता सगळं पटकन ठरवायला लागले होते. हॉटेलात मेनू न उघडता "काहीही सांगा" म्हणायचे. शर्ट घ्यायला नेलं तर वरचा उचलला. मंडईत आमच्या आधी पिशवी भरून बाहेर उभे. ज्या गोष्टीसाठी आम्ही त्यांना आयुष्यभर चिडवलं ती गेली, आणि तिच्याबरोबर माणूसही गेल्यासारखा झाला.

तळवलीला गेलो. गाडी वर चढवली. गॅरेजवाल्याने दोन्ही खोकी समोर ठेवली आणि हळूच विचारलं, "कोनचा टाकू, साहेब?"

"टाक कुठलेही," साडू म्हणाले.

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, "कुठलेही कसे? विचार करा जरा. डावीकडे आता मी बसणार आहे. मला रबर पाहिजे, पाठ आहे मलाही."

साडूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. कंटेनर बघतात तसं, वरपासून खालपर्यंत. मग मान हलवली. "तुम्हाला ते रबर नाही चालायचं. तुमचं वजन जास्त आहे. ते मी फार मऊ निवडलं होतं." आणि गाडीच्या डाव्या दाराकडे बघत म्हणाले, "फार हलकी झाली होती हो ती."

मग ते रडले. स्मशानात रडले नव्हते, दहाव्यालाही नाही. तिथे ऑइलच्या डब्यांशेजारी बाकड्यावर बसून रडले. गॅरेजवाल्याने गाडी खाली उतरवली, हात पुसले आणि न विचारता चहा सांगितला.

बुश त्या दिवशी बदलले नाहीत. अजूनही बदललेले नाहीत, गाडी सोसायटीत झाकून उभी आहे. पण गेल्या रविवारी साडूंचा फोन आला. रबर दोन प्रकारचं मिळतंय, एक जरा घट्ट आहे, माझ्या वजनाला चालेल का, की सरळ दोन्हीकडे पीयूच टाकावं, आणि मग ट्रॅकला माझी यायची तयारी आहे का, असं ते बराच वेळ बोलत होते. जेवण गार होत होतं. बायकोने खुणेने विचारलं, काय म्हणतात? मी तिला हाताने थांब म्हटलं. एवढ्यात काही ठरू नये असं मला मनापासून वाटत होतं.