सरकी बीट पार्टीचे तीन तवे

पेचकसाचं टोक यंत्राला, मूठ कानाला. एक डोळा मिटलेला आणि डाव्या हाताचं बोट वर. कापसाच्या जिनिंगमध्ये असा उभा राहिलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल, आणि हा बेअरिंगचा आवाज ऐकतोय हे ओळखलंही असेल. खामगावच्या एका जिनिंगमध्ये आमचा मिस्त्री दिवसभर हेच करायचा. पण संध्याकाळचा भोंगा झाला की तोच पेचकस तो तबल्याला लावायचा, सारंगीला लावायचा, एकदा तर गाणाऱ्या माणसाच्या गळ्याला लावला होता. आतून हवा तो आवाज आला की वर केलेलं बोट थरथरायचं आणि मिस्त्री म्हणायचा, "हाव... आता ऐका!"

हे म्हटल्याशिवाय त्याला राहवतच नसे. पुढे काहीतरी चांगलं येणार आहे हे त्याला आपल्या आधी कळायचं, आणि ते पोटात ठेवणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. लोकांना उचकी लागते, मिस्त्रीला हे लागायचं.

मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवत होतो. महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि शाळेच्या भिंतीवर नव्या राज्याचा नकाशा रंगवायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. रस्त्याने जाणारा मिस्त्री थांबला. नकाशाकडे त्याने ढुंकून पाहिलं नाही. मी डब्याच्या कडेवर ब्रश आपटत होतो, तेच ऐकत राहिला.

"मास्तर, तुमचा हात तालात हाय. ढोल वाजवता काय?"

मी म्हटलं, जन्मात कधी वाजवला नाही.

"मंग तं लयच चांगलं. चुकीचं शिकलेलं खोडावं लागत नाही!"

आठ दिवसांत त्याने मला ड्रमवर बसवलं. ड्रम म्हणजे काय, तर बँडवाल्यांनी टाकून दिलेला एक मोठा ढोल, दोन ताशे आणि दांड्याला टांगलेली पितळी थाळी. पायाने ढोल वाजवायचं यंत्र मात्र अस्सल होतं. त्याचा पत्ता मला मिस्त्रीच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या ओरडण्यावरून लागला.

"अहो, माह्या शिलाई मशीनचा पाय कुठी गेला?"

"गाण्यात गेला!" मिस्त्री आतूनच ओरडला.

गिटारही त्याने घरीच केली होती. रेडिओवर कुठलंसं दूरचं स्टेशन लागलं आणि त्याने विजेच्या गिटारीचा आवाज ऐकला. मग सागाची फळी आली, सायकलच्या डायनामोतलं लोहचुंबक आलं, केसासारखी बारीक तांब्याची तार हजारदा गुंडाळून झाली. पहिल्यांदा ती गिटार वाजली तेव्हा गल्लीतल्या दोन म्हशींनी दावी तोडली. मिस्त्रीने ती शाबासकी समजून घेतली.

गिटार आणि ड्रम घेऊन पार्ट्या त्या काळात मोठ्या शहरांत निघत होत्या. आमची वेगळी होती ती चाचांमुळे. चाचा म्हणजे आमच्या आळीतले पिंजारी. दिवसभर गाद्यांचा कापूस पिंजायचे. त्यांच्या पिंजणीला तात, म्हणजे आतड्याची तार, आणि घरात खोळीत ठेवलेल्या सारंगीलाही तात. त्यांच्या वडिलांनी ती सारंगी मोठमोठ्या गाणाऱ्यांच्या मागे वाजवली होती. चाचांच्या वेळेला पेटी आली आणि सारंगीला बोलावणं येईनासं झालं. तरी ते रोज असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की अर्धा तास वाजवायचे, दार लोटून.

मिस्त्रीने ते दार उघडलं. विचारलं नाही, काही नाही. आत जाऊन पेचकस सारंगीच्या पोटाला लावला आणि डोळे मिटून उभा राहिला. चाचांचा गज थांबला.

"अरे, ये क्या कर रहा है?"

"चाचा, हे यंत्र नाही, हे तं माणूस हाय!" मिस्त्रीच्या डोळ्यांत पाणी होतं. बाहेर आल्यावर त्याने माझा दंड धरला. "मास्तर, ह्या आवाजाचा तवा निघाला पाह्यजे. काही झालं तरी निघाला पाह्यजे."

गाण्याच्या तबकडीला आमच्याकडे सरसकट तवाच म्हणत. त्या दिवसापासून मिस्त्रीच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. गिटार, सारंगी, पोस्टातल्या एका बाबूंचा तबला आणि माझे ताशे, अशी आमची पार्टी उभी राहिली. नाव मिस्त्रीनेच ठेवलं, सरकी बीट पार्टी. मी नाक मुरडलं तर म्हणाला, "रुईचं नाव सारे घेतात मास्तर, तेल सरकीतून निघते!"

आणि काय सांगू, आम्ही खरोखरच वाजत होतो! गिटारीने खालून रेटा द्यायचा, मी आणि बाबूंनी धावायचं, आणि मध्येच सगळं थांबून एकट्या सारंगीने वर चढायचं. त्या थांबण्याच्या जागी मिस्त्रीचं बोट वर जायचं. साखरखेर्ड्याच्या एका लग्नात त्या जागेवर वऱ्हाड जेवता जेवता उठून उभं राहिलं, वाढपे बुंदीच्या परातीसकट उभे राहिले. त्याच लग्नात मुंबईच्या एका लहानशा रेकॉर्ड कंपनीचा एजंट पाहुणा म्हणून आला होता. त्याने आम्हाला मुंबईला बोलावलं.

जलंबला गाडी बदलताना मिस्त्रीने गिटार छातीशी धरली होती आणि चाचांनी सारंगी. मी ताशे घेऊन मागे. लोकांना वाटलं, कुठल्या तरी तमाशाची माणसं आहेत.

स्टुडिओत पंखे बंद करून, दार लावून वाजवायचं होतं. तांबडा दिवा लागला की कोणी खोकायचंही नाही. तीनदा दिवा लागला आणि तीनदा सारंगीच्या जागेआधी मिस्त्री म्हणाला, "हाव... आता ऐका!" चौथ्या वेळेला रेकॉर्डिंगवाल्याने त्याच्या तोंडात त्याचाच रुमाल कोंबला. अशा रीतीने आमचा पहिला तवा झाला. वेष्टनावर मी कपाशीच्या बोंडातून निघालेली गिटार काढली होती.

आता खरी गंमत ऐका. जुने तवे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेत, आमचा हा नवा लहान तवा पंचेचाळीस. मिस्त्रीकडच्या मशीनवर तो झकास वाजायचा. पण आमच्याकडे गाणी लोक ऐकत ती लग्नातल्या भोंग्यावर. आणि भोंगेवाल्याच्या मशीनचा खटका वर्षानुवर्षं अठ्ठ्याहत्तरवर गंजून बसला होता. त्याने आमचा तवा तसाच लावला. माझे ताशे पत्र्यावर गारा पडाव्या तसे कोसळायला लागले, गिटार किंचाळायला लागली, आणि चाचांची सारंगी? डास! कानाशी डास गुणगुणावा तशी सारंगी!

मिस्त्री डोक्याला हात लावून मांडवाच्या खांबाशी बसला. आणि इकडे लोक वेडे झाले. असं भन्नाट वाजणं कोणी ऐकलंच नव्हतं. पोरं नाचली, बाप नाचले, नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. महिन्याभरात गावोगावचे भोंगेवाले आमचा तवा तसाच वाजवायला लागले. आम्ही प्रत्यक्ष वाजवायला गेलो की लोक तोंड वाकडं करायचे. "हे काय बे? तव्यावानी वाजवा ना!"

मिस्त्री दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी माझ्या घरी आला तो उड्या मारतच.

"मास्तर, वाजवू! तेवढ्याच जोरात वाजवू! काऊन नाही जमत?"

आणि आम्ही जमवलं. हाताची सालटी निघाली, पण जमवलं. सगळ्यांना जमलं, एका चाचांना सोडून. आठवडाभर ते घामाघूम होऊन मागे धावत राहिले. मग एक दिवस त्यांनी गज खाली ठेवला.

"बेटा, ये मेरे बस का नहीं. तुम लोग बजाओ."

दुसरा तवा आम्ही चाचांशिवाय केला. कंपनीला तसाच हवा होता. वेष्टनावर मी धावणारी आगगाडी काढली. तो पहिल्यापेक्षा जास्त गाजला आणि खोटं कशाला बोलू, आम्ही सगळेच हवेत होतो. मिस्त्री तर गल्लीतून चालताना लोकांच्या सलामांना हात वर करून उत्तर द्यायचा. ज्या आवाजासाठी हा सगळा खटाटोप सुरू केला तो आवाजच घरी राहिला, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मला आलं होतं, पण मी बोललो नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मग एका दिवाळीच्या आधी वहिनींनी गादी पिंजायला पाठवली आणि ती तशीच परत आली. चाचांच्या बोटांनी पिंजणी धरवत नव्हती. मिस्त्री धावत गेला. मीही मागे गेलो. चाचा ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या उजव्या-डाव्या दोन्ही हातांची बोटं चिंचेच्या आकड्यांसारखी आत वळली होती.

मिस्त्रीने खिशातून पेचकस काढला. टोक चाचांच्या बोटाच्या सांध्याला, मूठ कानाला. एकेक करून त्याने दहाही बोटं ऐकली. मग मान खाली घालूनच म्हणाला, "आवाज शाबूत हाय चाचा. सांध्यातलं गिरीज सरलं. अन् म्या आगगाडी हाकलत बसलो."

त्यानंतर मिस्त्रीची जी धावपळ झाली ती पाहायला तुम्ही हवे होता! कंपनीला तिसरा जोरकस तवा हवाच होता. मिस्त्रीने कळवलं, देतो. पण एका बाजूला आमचा गोंधळ आणि दुसऱ्या बाजूला नुसती सारंगी. कंपनी नाही म्हणाली. मिस्त्रीने उलट टपाली लिहिलं, मग गोंधळही नाही. शेवटी कंपनी हो म्हणाली. मुंबईला जाईपर्यंत वहिनी रोज सकाळी तीळतेल कोमट करून चाचांच्या घरी पाठवायच्या. ज्या बाईने गाण्याच्या नावाने पाच वर्षं बोटं मोडली, तिने ही बोटं मोकळी व्हावीत म्हणून उपास धरला.

स्टुडिओत दुपारी चाचांचा नंबर लागला. त्यांनी हात गरम पाण्यात बुडवून ठेवले होते. "एक बार होगा," ते म्हणाले. "दूसरी बार का भरोसा नहीं." रेकॉर्डिंगवाल्याने मिस्त्रीकडे पाहून रुमाल दाखवला. मिस्त्रीने तो स्वतःच तोंडावर दाबून धरला आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

तांबडा दिवा लागला. चाचांनी गज टेकवला, डोळे मिटले. मी मिस्त्रीकडे पाहत होतो. त्याचं बोट हळूहळू वर गेलं, एक डोळा मिटला, रुमालाचा हात कधी खाली आला ते त्यालाही कळलं नसेल.

"हाव... आता ऐका!"

आणि सारंगी सुरू झाली. आता थांबवणार कोण? कसं सांगू तुम्हाला ते वाजणं! चार मिनिटांत चाचांनी दार लोटून काढलेली सगळी वर्षं बाहेर आणली. दिवा विझला तेव्हा काचेमागचा रेकॉर्डिंगवाला उभा होता. पण त्याने मान हलवली. सुरुवातीला आवाज शिरलाय, कापायला गेलं तर सारंगीचा पहिला सूरही जाईल, परत घ्यावं लागेल.

चाचांनी हात उचलून दाखवला. बोटं पुन्हा वळली होती. मिस्त्री आपल्याच थोबाडीत मारून घेऊ लागला. "म्या घात केला चाचा, म्या घात केला..."

"चुप रह!" चाचा कधी नव्हे ते ओरडले. मग रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले, "साब, रहने दो. मेरे बाप ने पूरी उमर दाद सुनके बजाया. मैंने तीस साल दीवार को सुनाया. आज किसी ने बोला, सुनो. उसको काटना मत."

तसाच निघाला तिसरा तवा. वेष्टनावर मी चाचांचा हात काढला. तवा आल्या दिवशी मिस्त्री तेलाची कुपी आणि पेचकस घेऊन भोंगेवाल्याकडे गेला आणि मशीनचा गंजलेला खटका पंचेचाळीसवर आणला. उत्साहाच्या भरात तो तिथेच कथलाचा डाग देऊन पक्काही करून टाकला. त्या संध्याकाळी सगळ्या आळीने चाचांची सारंगी जशी होती तशी ऐकली. आणि दुसऱ्या दिवशी पिंपळगाव राजाच्या लग्नात भोंगेवाल्याची सगळी जुनी गाणी रेड्यासारखी हंबरली. वरपक्ष चिडून जेवायला बसेना. मिस्त्रीला तिथे जाऊन डाग काढावा लागला.

तिसरा तवा लग्नांत कोणी लावला नाही. चाचा पुढच्याच पावसाळ्यात गेले. पार्टी त्यानंतरही काही वर्षं वाजली, मग मिस्त्रीचे कान गेले. जिनिंगच्या आवाजाने जातात तसे. तरीही तो पेचकस कानाशी धरून बसायचा आणि बोट वर करायचा, काय ऐकायचा कोण जाणे. एका उन्हाळ्यात तोही गेला. पेचकस वहिनींनी मला आणून दिला.

त्याच्या वर्षश्राद्धानंतर वहिनी घरी आल्या. पदराआडून त्यांनी तिसरा तवा काढला. "भाऊजी, आमचं मशीन बिघडलं. तुमच्याकडे लावून द्या बरं." मी लावला. खरखर झाली, मग मिस्त्री म्हणाला, "हाव... आता ऐका!" सारंगीचा पहिला सूर निघाला तोच वहिनींनी हात वर केला.

"बस. इथलंच परत लावा."

मी सुई उचलून पुन्हा काठाशी ठेवली. मग पुन्हा. त्या अधूनमधून येत राहिल्या, आणि तवा माझ्याकडेच राहिला. आज तो उजेडात धरला तर सारंगीचा सगळा भाग अजून नव्यासारखा काळाभोर चमकतो. काठाजवळच्या पहिल्या दोनचार रेघा मात्र झिजून पांढऱ्या पडल्या आहेत.