शुभांगीचे नापास ठोके

माझ्या सख्ख्या बायकोचं हृदय मी एकदा रिजेक्ट केलं आहे.

हे मी अभिमानाने सांगत नाही. (अभिमानाचा भाग पुढे येतो, आणि तो सगळा तिचा आहे.) मोहालीतल्या एका कारखान्यात मी बोल्टांची गुणवत्ता तपासतो. दोन बोल्टांत केसाएवढा फरक दिसला तरी अख्खी पेटी परत! फरक म्हणजे दोष, हे माझ्या हाडांत भिनलेलं. त्यात आमच्या सांगलीच्या घरची शिकवण अशी, की परीक्षेतले मार्क सोडले तर माणसाचा कुठलाही आकडा वाढलेला वाईट. साखर, दाब, वजन, ताप, काहीही घ्या.

अशा माणसाला तब्येत मोजणारं घड्याळ कधी भेट देऊ नये. आमच्या मुक्ताने दिलं. लग्नाच्या वाढदिवसाला आम्हां दोघांना एकेक. पोरगी जन्मली, वाढली चंडीगढात. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत.

"बाबा, ऐप में सब समझाया है. पहले पढ़ना, फिर बोलना."

मी नेमकं उलट केलं.

घड्याळ रोज सकाळी एचआरव्ही नावाचा आकडा दाखवायचं. दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं, त्याचा हिशेब. माझा आकडा अठरा. शुभांगीचा बावन्न!

"अगं, तुझे ठोके एकसारखे पडत नाहीत!"

"पडतायत ना? मग झालं," ती पोहे परतत म्हणाली.

"असा माल माझ्या टेबलावर आला असता तर..."

"तर काय? परत पाठवला असता? माहेरी?"

मी विषय बदलला. पण आमच्या एरोसिटी वसाहतीच्या बागेत, आमच्या सकाळच्या मंडळीत, मी माझा अठरा छाती काढून मिरवला. शेजारच्या गिलसाहेबांनी लगेच तसंच घड्याळ आणलं. त्यांचा आकडा निघाला चाळीस. बिचारे खचले. मग भाच्याच्या लग्नाहून परतले ते नाचतच.

"ओ जी, कमाल हो गई! रात को चार पेग, सुबह सीधा बाईस! दिल के लिए दवाई है, पक्का!"

मी गंभीरपणे मान डोलावली. (देव मला माफ करील. गिलभाभी करणार नाहीत.) कारण माझाही अनुभव तसाच! कारखान्यात ऑडिट होतं त्या आठवड्यात मला ना झोप, ना जेवण, साहेबांची बोलणी वेगळी. आणि माझा आकडा चौदावर. हृदय कसं, पोलादी!

इकडे शुभांगीचा आकडा चढतच होता. कारण उघड होतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत ती लेझीम पथकाची पुढारी असणार होती. शाळेत असताना सांगलीत ती पथकाच्या पुढे असायची, त्यानंतर संसारात लेझीम माळ्यावर गेली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कुणी तिला "तुम्ही पुढे राहा" म्हटलं होतं. रोज संध्याकाळी मंडळातल्या फौजी अधिकाऱ्यांच्या बायकांना घेऊन सराव. घामाघूम होऊन यायची, हसत जेवायची आणि गाढ झोपायची. सकाळी अठ्ठावन्न!

माझी झोप उडाली. शेवटी तिला न विचारता मी मंडळाच्या पाटणकरांना फोन केला.

"शुभांगीच्या हृदयाचा जरा प्रश्न आहे. तिला पथकात पुढे ठेवू नका. तिला सांगू मात्र नका हं."

पाटणकरांनी तिला सांगितलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं!

दुसऱ्या दिवशी घरात सफरचंदांचा ढीग. एका मेजरच्या बायकोने शुभांगीला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. गिलभाभी पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या पंजाबी लाडवांचा, डबा घेऊन आल्या आणि दारातच डोळे पुसू लागल्या. "दीदी, तुसी लेट जाओ!"

बायका गेल्या. शुभांगीने माझ्याकडे पाहिलं. चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिचे डोळे भरले होते.

"अहो, मला विचारायचं तरी. इतक्या हौसेने करत होते."

मग पदर खोचून उठली. "चला. तुमच्या वरचा तपासनीस गाठू."

शनिवारी सकाळी आम्ही पंचकुल्याच्या हृदयविकार तज्ज्ञांपुढे बसलो. डॉक्टरबाईंनी शुभांगीला नीट तपासलं, आलेख काढला, मग घड्याळाचे आकडे पाहिले.

"बहुत बढ़िया. प्रॉब्लम क्या है?"

"जी, व्हेरिएशन," मी म्हणालो.

"वो तो होना चाहिए! दिल है, मशीन थोड़े ही है." मग त्यांनी समजावलं. निरोगी हृदय गरजेप्रमाणे ठोक्यांमधलं अंतर सारखं सैल-घट्ट करतं. ताण, जागरण, दारू यांनी हा आकडा बहुधा घसरतो. आणि तो दुसऱ्याशी ताडायचा नसतो, आपलाच आपल्याशी बघायचा.

"म्हणजे कमी झालेला..."

"आपका कितना है?"

मी बाही खाली ओढली. शुभांगीने माझा हात उचलून टेबलावर ठेवला.

बाईंनी माझाही आलेख काढला. हृदय ठीक निघालं. "टेन्शन कम कीजिए, भाईसाहब. और इनको नाचने दीजिए."

गाडीत बसण्याआधी मी पाटणकरांना फोन करून सगळा मूर्खपणा कबूल केला. (तोही त्यांनी सगळ्यांना सांगितला.) गिलसाहेबांना बातमी दिली, तेव्हा त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाले, "यार, अपनी भाभी को मत बताना."

रविवारी शुभांगी पथकाच्या पुढे होती. नऊवारी, गॉगल आणि हातात लेझीम! ढोलाचा ताल बदलला की ती बदलायची आणि मागची अख्खी रांग तिच्याबरोबर वळायची. रस्त्याकडेचे पंजाबी लोक गाड्या थांबवून बघत होते. कुणीतरी विचारलं, "वो आगे वाली कौन है जी?" मी तिची पर्स, चपला आणि पाण्याची बाटली सांभाळत होतो. "मेरी मिसेस!" असं इतक्या जोरात ओरडलो, की एक चप्पल खालीच पडली.

सोमवारी सकाळी घड्याळ पाहिलं आणि धावत स्वयंपाकघरात गेलो. "अगं, माझा आकडा वाढला! तेवीस! कशाने असेल?"

"शनिवारपासून तुम्ही कुणाला सल्ला दिला नाहीत, त्याने," ती पोहे परतत म्हणाली. "माझाही वाढलाय. त्यानेच."