जहाजावरून आलेले मेल

माझ्या वडिलांनी उभं आयुष्य यंत्रमागावर काढलं. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान हळूहळू गेले. आम्ही तेलुगू घरातले. वडिलांना नायना म्हणतो. नायनांशी बोलायचं तर समोर बसून, ओठ सावकाश हलवून बोलावं लागतं. फोनवर तर शक्यच नाही. म्हणून मालवाहू जहाजावर नोकरीला असलेला माझा धाकटा भाऊ त्यांना मेल लिहायचा. मराठीतून, कारण आम्ही सगळेच मराठी शाळेत शिकलेले. मला तो जहाज बंदराला लागल्यावर फोन करायचा. नायनांना मात्र भर समुद्रातूनही चार ओळी यायच्या.

आई गेल्यावर नायना साखर पेठेतल्या घरात एकटेच राहत. मी जवळच राहते. उन्हाळ्यातल्या एका दुपारी ते डोक्याला टॉवेल गुंडाळून माझ्या दारात उभे राहिले. हातात फोन होता.

"त्याचं काहीच येईना झालंय," ते म्हणाले. "कंपनीला विचार की. जहाजाला काही झालं असलं तर सांगतील तरी."

मी त्यांना पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. जहाज बरेच दिवस बंदराला लागलं नव्हतं, त्यामुळे मलाही भावाचा फोन नव्हता. पण आधी नायनांचा फोन पाहिला. नेट चालू होतं, जागाही भरलेली नव्हती. मेल उघडला तर शेवटचं पत्र कितीतरी जुनं. मग वरच्या कोपऱ्यातल्या बॅटरीच्या खुणेकडे लक्ष गेलं. तिचा रंग बदललेला होता. सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं: बॅटरी सेव्हर कायमचा चालू आणि मेल आपोआप घेणं बंद.

"हे कुणी केलं?"

"मीच." ते जरा ओशाळले. "दुपारपर्यंत बॅटरी संपायची. मला रिंग ऐकू येत नाही, म्हणून फोन खिशात छातीशी ठेवतो. थरथरला की कळतं. पण फोनच बंद पडला तर त्याचा मेल आलेला कसा कळणार? म्हणून ते बटण दाबलं."

मेल चुकू नये म्हणूनच त्यांनी बॅटरी राखली होती, आणि त्यामुळेच मेल अडले होते. मी सेव्हर बंद केला, मेल सुरू केला आणि फोन त्यांच्या हातात ठेवला. थोड्या वेळात तो थरथरू लागला. एकामागून एक मेल येत राहिले.

भाऊ सुखरूप होता. नायनांनी डोळे मिटले, मग चष्मा लावून वाचू लागले. पहिल्या मेलमध्ये त्यानं विचारलं होतं, आईचं वर्षश्राद्ध कधी आहे? दुसऱ्यात, "लवकर कळवा, म्हणजे रजा मागतो." नंतरच्यात, "नायना, माझ्यावर रागावलात का? अंत्यविधीलाही मी पोचू शकलो नव्हतो." आणि शेवटच्यात त्यानं लिहिलं होतं की उत्तर आलं नाही, म्हणून तुम्हाला मी यायला नको असेल असं समजलो, जहाजावर माणसं कमी आहेत, मुक्काम वाढवायला होकार दिलाय.

नायनांनी तो मेल पुन्हा वाचला. फोन मांडीवर ठेवला.

"मी रागावलो नव्हतो," ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मीच तो होते.

"त्यालाच लिहा," मी म्हणाले.

एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला. बॅटरीचं सांगितलं, तारीख सांगितली, आणि खाली लिहिलं, "तू आलास तर बरं वाटेल. नाही जमलं तरी राग नाही."

दुसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या दुकानात फोनची बॅटरी बदलून घेतली. मेलवर सेव्हरची बंधनं लागू नयेत असं सेटिंगही केलं. संध्याकाळी भावाचं उत्तर आलं. त्यानं कप्तानाला विचारलं होतं, पण त्याच्या जागी यायला माणूस नव्हता.

श्राद्ध त्याच्याविनाच झालं. पिंडाला हात लावताना नायनांनी त्याच्या वतीनंही म्हणून त्याचं नाव घेतलं.

पावसाळा सरता सरता भाऊ घरी आला. चप्पल काढून थेट आईच्या फोटोपुढे बसला आणि रडला. नायनांना ते ऐकू येत नव्हतं, पण त्याचे हलणारे खांदे दिसत होते. ते त्याच्या शेजारी जाऊन बसले. मग नायना मला म्हणाले, "त्याला जेवायला वाढ. प्रवासातून आलाय."