उभं राहण्यापुरते टायर

हवालदारांचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, असं म्हणणं म्हणजे त्यांना कमी लेखणं आहे. तो तिथे कधी थांबलाच नाही, थेट समोरच्याच्या अंगावर जायचा. पोलिसांशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. एकतीस वर्षं बस डेपोच्या टायर विभागात काढली, जन्मभर हवेचा कारभार केला, म्हणून तिथल्या मंडळींनी हे नाव पाडलं आणि पुढे ते बायकोच्याही तोंडात बसलं.

त्यांचं भांडण कायम एकाच गोष्टीवरून. ठिगळ लावलेला टायर ते बसच्या पुढच्या चाकाला लावू देत नसत. मॅनेजर म्हणायचा, "आजचा दिवस चालवून घ्या हो." हवालदार म्हणायचे, "तुमच्या घरच्यांना पहिल्या सीटवर बसवा, लगेच लावतो." या जिभेपायी तीनदा बदली झाली आणि बढती दारावरूनच परत गेली. त्यात जिवाला लागणारी गोष्ट अशी, की त्यांनी नाकारलेला टायर कधी फुटलाच नाही. फुटणार कसा? तो चाकाला लागलाच नव्हता. मग आपलं बरोबर होतं हे माणसाने दाखवायचं तरी कशावरून? निवृत्तीच्या दिवशी मॅनेजर भाषणात म्हणाला, "जरा अडवायचे, पण मनाने चांगले." हवालदार भाषण अर्धं टाकून उठून घरी आले.

मुलगी त्यांच्यावरच गेली होती. ती शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा गोदामामागे सडत पडलेली जुनी मोटार तिने उचलून आणली आणि इमारतीच्या आवारात भिंतीकडेला उभी केली. तेव्हापासून शाळा सुटली की ती गाडीखाली. गंज खरवडला, वायरिंग नवं केलं, इंजिन उघडून पुन्हा बसवलं. मागच्या आठवड्यात ते सुरू झालं, तेव्हा बापलेक काळ्या धुरात खोकत खोकत हसत होते. आता राहिले होते फक्त टायर. माप जुनं, त्यामुळे मागवलेले नवे टायर यायला अजून महिना होता.

नेमकी तेव्हाच इमारतीच्या कमिटीची नोटीस लागली. रविवारी पाहणी. ज्या गाडीच्या चाकांत हवा नसेल, ती भंगारवाला घेऊन जाणार. आणि भंगारवाल्याकडे गेलेली गाडी परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"बाबा, महिनाभर उभी राहील असं काहीतरी करा ना," मुलगी म्हणाली.

"काहीतरी? काहीतरी करायचं असतं तर मी आज मॅनेजर असतो!"

पण केलं. शनिवारी सकाळपासून दातओठ खात केलं. पुढच्या डाव्या टायरला कडेला बोटभर चीर होती. तिथे आतून जुन्या टायरचा तुकडा चिकटवला आणि ट्यूब घातली. पुढच्या उजव्याची हवा गंजक्या रिमजवळून जात होती. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे बघत ती जागा हेरली, घासली, बंद केली. मागच्या एकात खिळ्याचं भोक होतं, त्यात रबराची वात खुपसली. उरलेला नुसता भेगाळलेला होता, त्याला शिव्या घातल्या आणि हवा भरली. शेवटी खडूने चारही टायरांवर लिहिलं, 'फक्त उभी'. हे काम आपल्या हातचं आहे याची त्यांना लाज वाटत होती आणि त्या लाजेचा राग त्यांनी दिवसभर पंपावर काढला.

रविवारी सेक्रेटरी वही घेऊन आला. त्याने प्रत्येक चाकाला बुटाने टोचून पाहिलं. हवा होती. तेवढ्यावर गेला असता तर सेक्रेटरी कसला?

"हे काय लिहिलंय? फक्त उभी? मग हे भंगारच की. खाली चौकापर्यंत फेरी मारून दाखवा, नाहीतर गुरुवारी उचलतो."

"नोटिशीत हवा म्हटलंय, फेरी नाही," हवालदार कडाडले.

"कमिटी माझी आहे, हवालदार."

मुलीच्याही तळपायाची आग मस्तकात गेली. ती दार उघडून आत बसली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गेटच्या बाहेर चौकापर्यंत सरळ उतार होता आणि दोन्ही बाजूंना रविवारची गर्दी.

"उतर खाली."

"बाबा, सावकाश नेते. एवढंसं तर अंतर आहे."

"या टायरांवर नाही."

"मग काय, भंगारात घालू? दोन वर्षं घातलीत मी!"

तिने गिअर टाकला. हवालदार पुढच्या डाव्या चाकाशी खाली बसले आणि खिशातल्या चावीने व्हॉल्वची पिन काढून घेतली. फुस्स करून हवा गेली आणि गाडी एका बाजूला बसली. सेक्रेटरीने समाधानाने वहीत लिहिलं. मुलगी दार आपटून उतरली.

"काही झालं नसतं, बाबा."

हवालदारांनी पिन खिशात टाकली. नसतंही झालं कदाचित. एकतीस वर्षांत याचं उत्तर त्यांना सापडलं नव्हतं, आता पोटच्या पोरीला काय देणार?

चार दिवस ती त्यांच्यासमोर ताटही ठेवायची ते आदळून. हवालदारांना तिचा राग येत होता, सेक्रेटरीचा येत होता, आणि सगळ्यात जास्त आपल्या हातांचा येत होता.

गुरुवारी दुपारी भंगारवाला टेम्पो आणि दोरखंड घेऊन आला. मुलगी पायरीवर बसली होती.

"चाकात जरा हवा मारून द्या," तो हवालदारांना म्हणाला. "दोर बांधतो, माझा माणूस स्टिअरिंगवर बसेल. दोन किलोमीटर तर जायचंय, काही होत नाही."

रविवारचं आपलंच म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि हवालदार काही बोलायच्या आत मुलगी उठली.

"ओढून न्यायची नाही. क्रेन आणा, उचलून न्या."

"अहो ताई, एवढ्यानं काय होतंय?"

"काय होतं ते बघायला माणूस मारायचाय का तुम्हाला? या टायरांवर कुणी बसणार नाही म्हणजे नाही!" ती जाऊन गाडीपुढे जमिनीवरच बसली. आवाज इतका चढला, की सेक्रेटरी गॅलरीत आला आणि लगेच आत गेला.

भंगारवाल्याने कपाळाला हात लावून फोन केला. क्रेन यायला दोन तास लागणार होते. हवालदार लेकीकडे नुसते बघत राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं म्हणणं दुसऱ्या कुणीतरी भांडून मांडलं होतं.

"बघत काय उभे राहिलात?" ती त्यांच्यावरही खेकसली. "दोन तास आहेत. वायरिंग, इंजिनाचे भाग, जेवढं सुटेल तेवढं सोडवून घेऊ. पाना आणा!"

"कुठला? बाराचा की चौदाचा?"

"सगळे आणा, बाबा!"