मामूंचा ऐकण्याचा पेपर

माणसाला इंग्रजी किती येतं हे नुसतं त्याच्या तोंडाकडे बघून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या रूममेटचा मामू होता. रायगड जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका गावात पंधरा वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवून हे गृहस्थ शारजात आले आणि अल मजाजमधल्या एका टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या इन्स्टिट्यूटमध्ये परीक्षक म्हणून बसले ते बसलेच. नात्याने ते फक्त माझ्या रूममेटचे मामू. पण खालचा फार्मसीवाला त्यांना मामू म्हणायचा, वॉचमन मामू म्हणायचा, आणि आमच्याकडे परीक्षेला बसणारी चिनी मुलंसुद्धा ‘मामू सर’ म्हणायची. इंग्रजीत त्याचा अर्थ हेडमास्तर असा काहीतरी असावा, असा त्या मुलांचा समज होता, आणि मामूंनी तो कधी दुरुस्त केला नाही.

२००८ नंतर दुबईत क्रेन जागच्या जागी थांबल्या तेव्हा मी ज्या बांधकाम कंपनीत नकाशांच्या फायली सांभाळायचो ती कंपनीही थांबली. व्हिसा रद्द झाला आणि दुसरी नोकरी शोधायला हातात महिना उरला. आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट. माझे वडील तालुक्याच्या एसटी डेपोत टायर बदलायचे, आणि मुलगा दुबईत ऑफिसात बसतो हे त्यांनी डेपोतल्या प्रत्येक ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. रूममेट म्हणाला, मामूला हाताखाली माणूस हवाय, जाऊन बघ. मी लांब बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट घालून, सर्टिफिकेटांची फाईल छातीशी धरून गेलो. मामूंनी फाईल उघडलीसुद्धा नाही. लिफ्टवर चिकटवलेली नोटीस काढून आणून माझ्यासमोर धरली आणि वाच म्हणाले. दोन ते पाच लिफ्ट बंद राहील, असं त्यात होतं. मी मोठ्याने, शाळेत शिकवलेल्या प्रत्येक विरामाला थांबत वाचलं.

“वाचलंस ते कळलं,” मामू म्हणाले. “आता करशील काय?”

मी घाबरत म्हणालो, “जिन्याने जाईन.”

“पास,” मामू म्हणाले आणि नोटीस परत लावायला निघून गेले. त्या नोटिशीच्या जोरावर मी आजपर्यंत या देशात आहे.

वाचनाविषयी त्यांचं मत असं की ज्याच्यानंतर माणूस काहीच वेगळं करत नाही ते वाचन नव्हे. म्हणून त्यांच्या वाचनाच्या परीक्षेत ताकाच्या बाटलीचं लेबल असायचं, खोकल्याच्या औषधातला बारीक अक्षरांचा कागद असायचा, पार्किंगच्या दंडाची पावती असायची. मालकाला हे पसंत नव्हतं. मालकाने छापील उताऱ्यांची गाईडं आणून दिली होती, आणि आमची चौदा चिनी मुलं त्यात पैकीच्या पैकी मार्क मिळवत होती. त्यांच्या वडिलांची टाइल्सची आणि दिव्यांची दुकानं होती. नव्या इमारती उठायच्या थांबल्यावर ती दुकानं ओस पडली होती, पण मुलं इंग्रजी शाळेच्या अकरावीत जावीत म्हणून फी वेळेवर यायची. शाळेला आमचं सर्टिफिकेट लागे, आणि त्यासाठी वाचन आणि ऐकणं असे दोन पेपर असत. मालक खूश होता. मामू मात्र म्हणाले, “यांचे डोळे हलत नाहीत.” आणि पुढच्या परीक्षेत त्यांनी उतारा वाटलाच नाही. तो स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मुलांना फक्त प्रश्न दिले. चौदाच्या चौदा मुलांनी न मिळालेल्या उताऱ्यावरचे सगळे प्रश्न बरोबर सोडवले. कुणी उतारा मागितलाही नाही.

मालकाला हसू येईना. मला मात्र घाम फुटला, कारण दहावीला ‘माझे आवडते शिक्षक’ हा इंग्रजी निबंध आमच्या अख्ख्या वर्गाने एकाच गाईडमधून पाठ केला होता, आणि एकेचाळीस मुलांच्या आवडत्या शिक्षकांचं नाव मिस्टर मेहरा होतं. आमच्या शाळेत मेहरा आडनावाचा शिपाईसुद्धा नव्हता. हे मी मामूंना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तुझ्या मास्तरांना वाईट वाटलं असेल रे. त्यांच्यावर कुणी लिहिलंच नाही.” इतक्या वर्षांत हे माझ्या मनात आलं नव्हतं.

ऐकण्याच्या पेपरात मामूंचे हट्ट आणखी वरचे. सगळ्या इन्स्टिट्यूटमध्ये सीडी लावतात. मामू सीडीला हात लावत नसत. उतारा स्वतः उभं राहून वाचत, आणि तो इतक्या खणखणीत आवाजात की खाली फार्मसीत रांगेतल्या गिऱ्हाइकांचंही इंग्रजी सुधारत असावं. “सीडीला तोंड नाही,” ते म्हणायचे, “आणि ज्याला तोंड नाही त्याचं पोरांनी काय म्हणून ऐकायचं?” एकदा उतारा होता की छान दिवस होता म्हणून एक कुटुंब बागेत जेवायला गेलं. खाली ऊन, पाऊस, बर्फ आणि वारा अशी चार चित्रं, त्यातून त्या दिवसाचं चित्र निवडायचं. दहा मुलांनी पावसावर खूण केली. मालक म्हणाला, चूक आहे, लाल पेन चालवा. मामू म्हणाले, “शारजात राहून उन्हाला छान म्हणणारा माणूस मला आणून दाखवा, मग लाल पेन उघडतो.” बाहेर तेव्हा ऑगस्ट होता. कुणी माणूस आणायला गेलं नाही आणि मुलांना मार्क मिळाले.

बाकी सवयींचं काय सांगावं. मामू फोन घेत नसत, मेसेज करा म्हणत. टॅक्सीत मागे बसत नसत, पुढे बसून पठाण ड्रायव्हरकडे असं रोखून बघत की ड्रायव्हर बिचकून रस्त्याकडे जास्तच लक्ष देई. ऑफिसात आलेल्याला आधी खिडकीकडे तोंड करून बसवत, मग म्हणत, “हां, आता सांग.” मागून हाक मारली तर ओ देत नसत. त्यामुळे बऱ्याच जणांना ते गर्विष्ठ वाटत. मलाही पहिले तीन महिने वाटले.

मग एक दिवस टॉवरमध्ये आगीचा अलार्म वाजला. तो नुसता वाजत नाही, दातांत घुसतो. मी मुलांना घेऊन जिन्याने खाली गेलो, मोजली, चौदा भरली. मामू नव्हते. धावत वर आलो तर रिकाम्या वर्गाकडे पाठ करून मामू फळ्यावर शांतपणे क्रियापदांचे तक्ते लिहीत होते आणि त्यांच्या डोक्यावर तो अलार्म किंचाळत होता. लिहून झाल्यावर ते वळले, रिकामे बाक पाहिले, दारात मला पाहिलं. मी ओरडलो. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं.

“आग?” ते म्हणाले. “मग लिफ्ट नको. जिन्याने.”

आग नव्हतीच, कुणाच्या तरी किचनमध्ये पराठा करपला होता. पण पहिल्या मजल्याच्या वळणावर मामू थांबले आणि न विचारता बोलले. डावा कान खलास, उजवा नावापुरता, डोळे मात्र शाबूत. “धाकट्या मुलीची डॉक्टरकीची दोन वर्षं उरलीत,” ते म्हणाले. “मालक सध्या माणसं कमी करायला निमित्त शोधतोय. ऐकण्याच्या पेपराचा परीक्षक बहिरा, याहून चांगलं निमित्त त्याला कुठे मिळणार? ती डॉक्टर होऊ दे, मी स्वतः जाऊन सांगेन.” मी कुणाला सांगणार नाही असं कबूल केलं. ज्या माणसाने मला एका नोटिशीवर ठेवून घेतलं त्याच्यासाठी एवढं कमीच होतं.

पुढे दोन महिन्यांत ते निमित्त चालून येण्याची वेळ आली. शाळेने कळवलं की ऐकण्याचा पेपर सीडीवरच व्हायला हवा आणि त्यांच्या एक मॅडम बघायला येतील. सीडीत चार संवाद एकापाठोपाठ होते. प्रत्येक संवाद संपला की परीक्षकाने बटण दाबून मशीन थांबवायचं, मुलांना लिहायला वेळ द्यायचा, मग पुढचा लावायचा. ज्याला संवाद ऐकूच येत नाही तो थांबवणार कधी? मी आणि मामूंनी आमच्याकडच्या सीडीवर आठवडाभर तालीम केली. पहिला संवाद एक मिनिट चाळीस सेकंद, दुसरा दोन मिनिटं, असं मी कागदावर लिहून दिलं आणि मामू घड्याळ बघून इतकं अचूक बटण दाबू लागले की मीच चकित झालो.

परीक्षेच्या दिवशी मॅडम आल्या. हसतमुख होत्या. त्यांनी पर्समधून सीलबंद पाकीट काढलं. सीडी त्यांनी शाळेतून आणली होती. आमचा तालमीचा कागद मामूंच्या खिशात तसाच राहिला.

मला वर्गात थांबायची परवानगी नव्हती. मी काचेच्या दाराबाहेर उभा राहिलो, माझ्या शेजारी मालक. पहिल्या बाकावर लिन बसली होती. ही आमची सगळ्यांत अवघड विद्यार्थिनी. वाचनात तीसपैकी तीस आणि ऐकण्यात नऊ. तिचे वडील म्हणाले होते की या वेळी नापास झाली तर तिला चीनला आजीकडे परत पाठवतो, आणि ही गोष्ट तिने मला इतक्या हळू आवाजात सांगितली होती की मला दोनदा विचारावं लागलं.

मामूंनी सीडी लावली. मॅडम मागे बसल्या. मशीनमधून बायकांचं बोलणं मला काचेतूनही पुसट ऐकू येत होतं, आणि मामू घड्याळाकडे बघत नव्हते, मशीनकडे बघत नव्हते. ते लिनकडे बघत होते. बोलणं संपलं. लिनने हातातली पेन्सिल बाकावर आडवी ठेवली. मामूंनी बटण दाबलं. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्या संवादाला तेच झालं. पेन्सिल आडवी, बटण बंद.

तिसऱ्या संवादात एक बाई बसची वेळ विचारते आणि खिडकीतला माणूस सांगतो, एक मिनिट थांबा, आत बघून येतो. मग पावलं दूर जातात, आणि सगळं शांत. लांबलचक शांत. वर्गातल्या तेरा मुलांनी मान खाली घालून लिहायला सुरुवात केली. मालक माझ्या कानाशी म्हणाला, “मामू बंद क्यों नहीं कर रहे?” मामूंनी लिनकडे पाहिलं. तिची पेन्सिल हातात उभी होती. सगळा वर्ग लिहीत होता आणि मामूंचा हात बटणापासून वीतभर दूर, तिथेच होता. मग पावलं परत आली आणि त्या माणसाने बसची वेळ सांगितली. तेरा मुलांची खोडरबरं बाहेर आली. लिनने पेन्सिल आडवी ठेवली.

चौथ्यानंतर मॅडम उठून म्हणाल्या की इतक्या लक्षपूर्वक ऐकणारा परीक्षक त्यांनी पाहिला नाही. मालकाने मान डोलावली, जणू काही हे त्याने स्वतःच शिकवलं होतं. लिनला त्या पेपरात पंचवीस मार्क पडले. ते त्या मॅडमनीच तपासले, त्यामुळे त्यात आमची मेहेरबानी नव्हती.

संध्याकाळी मी तिला खालच्या फूटपाथवर गाठून विचारलं, तुला कसं कळलं? मला वाटलं होतं की मामूंचं गुपित जगात मला एकट्यालाच माहीत आहे. लिन म्हणाली, “माय ग्रँडमदर ऑल्सो लुक ॲट माउथ.” मग म्हणाली की आधी ऐकताना ती नेहमी घाबरायची, एक शब्द सुटला की पुढचे सगळे सुटायचे. आज घाबरायला वेळच नव्हता. मामू सर वाट बघत होते.

मामूंना ती दोन वर्षं मिळाली. धाकटी डॉक्टर झाली, आणि ठरल्याप्रमाणे मामू मालकाकडे गेले व म्हणाले, मला ऐकू येत नाही. मालक पोटभर हसला. मामूंची ही नेहमीची गंमत असावी, असं त्याला वाटलं. राजीनामा दिल्यावर मात्र हसायचा थांबला. मामूंची खुर्ची मला मिळाली. आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, संवाद संपला की आवाज आपोआप बंद होतो, बटण कुणी दाबायचं नसतं. तरी मी पहिल्या बाकाकडे बघतो.

गेल्या सुट्टीत मामूंच्या गावी गेलो. डॉक्टर मुलीने त्यांना कानाचं मशीन आणून दिलंय. मामू म्हणाले, आता सगळं ऐकू येतं, खाडीवरचे पक्षी, शेजाऱ्याची मोटरसायकल, सगळं. मग म्हणाले, “तुझा आवाज मात्र मी समजत होतो त्यापेक्षा बारीक निघाला रे.” मी त्यांना लिनचा व्हिडिओ दाखवला. ती आता तिकडे, चीनमध्ये, एका कंपनीत नोकरी करते. मामूंना भेटणार आहे असं कळवल्यावर तिने तो मुद्दाम करून पाठवला होता. खिडकीसमोर बसली होती, चेहरा उजेडात, आणि एकेक शब्द सावकाश सुटा करून बोलत होती.

मामूंनी कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं, फोन डोळ्यांजवळ धरला आणि शेवटपर्यंत पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

“उच्चार सुधारलेत पोरीचे,” ते म्हणाले.