दोघांनीही न पाहिलेलं घर

ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा गुरुनाथ डबीर सत्तावन्न वर्षांचा होता. चौदा वर्षं ज्याची वाट बघितली ते कार्ड त्याने पाकिटातून काढलं, उलटसुलट करून बघितलं आणि बायकोला म्हणाला, "शुभा, आता काय करायचं?"

तिला वाटलं, पार्टीबद्दल विचारतोय. तिने आठ-दहा जणांना जेवायला बोलावलं. गुरुनाथ सगळ्यांशी हसून बोलला, पण दुसऱ्या दिवशी चहा पिताना पुन्हा तोच प्रश्न.

मूळचा नागपूरचा हा माणूस मॅनहॅटनमधल्या एका बँकेचे डेटाबेस सांभाळायचा. नोकरी बदलणं असो की घर घेणं, सगळं 'कार्ड आलं की' वर ढकललेलं. आता कार्ड आलं होतं आणि काय काय ढकललं होतं तेच आठवेना. जर्सी सिटीतल्या बाविसाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकोणीस वर्षं काढली होती.

मग तो ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये फोनवर घरं बघायला लागला. न्यू जर्सीतली नाही, नागपुरातलीही नाही. दक्षिण इटलीतल्या डोंगरावरच्या एका जुन्या गावात एक दगडी घर विकायला होतं. खाली खेचरं बांधायची जागा, वर कमानीच्या छताच्या दोन खोल्या, दारासमोर पायऱ्यांची अरुंद गल्ली. गावाचं नाव त्याला धड उच्चारताही येत नव्हतं. तरी महिनाभर तो तेच नऊ फोटो बघत राहिला.

"इटली?" शुभा म्हणाली. "अरे, आपलं कोण आहे तिथे?"

"कोणीच नाही."

"मग?"

"मलाही कळत नाहीये गं."

त्याने एजंटला ईमेल केला. उत्तर आलं की घराचे मालक व्हिन्सेंट म्हणून आहेत आणि ते राहतात बेयोनला. म्हणजे गुरुनाथच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर.

शनिवारी दोघं तिकडे गेले. व्हिन्सेंट चौऱ्याऐंशी वर्षांचे, गोदीत क्रेन चालवून रिटायर झालेले. त्यांनी कॉफी दिली आणि टेबलावर तेच नऊ फोटो मांडले, प्रिंट करून.

"वरच्या खोलीत ऊन येतं का?" गुरुनाथने विचारलं.

"मला काय माहीत! मी कधी गेलोच नाही," व्हिन्सेंट म्हणाले. "आजोबा एकोणिसाव्या वर्षी तिथून निघाले. वडील इथलेच, मीही इथलाच. तुम्हाला ते कशाला हवंय?"

"सांगता येत नाही. तुम्ही का विकताय?"

व्हिन्सेंटनी कपात चमचा फिरवला. "मलाही सांगता येत नाही," ते म्हणाले.

शुभा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. परतताना गाडीत म्हणाली, "तू आधी घर बघून ये. नाहीतर हे डोक्यातून जायचं नाही. आणि मी पण येते, एकट्याला सोडणार नाही."

एप्रिलमध्ये ते गेले. एजंटच्या किल्लीने कुलूप उघडेना, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मागचं दार दाखवलं. गुरुनाथ आत शिरला, दार इतकं बुटकं की वाकावं लागलं. खोलीत ओल्या चुन्याचा वास होता. भिंतीतल्या कोनाड्यात कोणाची तरी वाटी आणि चमचा तसेच राहिलेले. तो तासभर उभा राहिला. महिनोन्महिने फोटोत दिसणारी ती खिडकी, ती कमान, सगळं होतं, आणि त्याला काहीच वाटत नव्हतं. आपण कोणाच्या घरात, कशासाठी आलोय, हेच कळेना.

बाहेर आला तर शुभा पायरीवर बसून शेजारच्या बाईंबरोबर ओल्या शेंगा सोलत होती. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, तरी बाई बोलत होत्या आणि शुभा नागपुरातल्यासारखं "हो ना हो" म्हणत होती.

"घेऊ या," ती म्हणाली.

"काय?"

"घर. मला आवडलं."

"अगं पण मला आता वाटतंय की नको."

"सहा महिने तू माझं डोकं खाल्लंस, आणि आता नको?"

भांडण परतीच्या विमानापर्यंत चाललं. शेवटी घ्यायचं ठरलं. कोणी कोणाला पटवलं, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

होकार कळवायला ते बेयोनला गेले. पण व्हिन्सेंटनी आधी या दोघांनी तिथे काढलेले घराचे व्हिडिओ दाखवायला सांगितले. ते बुटकं दार त्यांनी चार वेळा बघितलं. "माझे आजोबा उंच होते," ते म्हणाले. "ते इथे वाकत असतील." मग चष्मा काढून पुसला. "माफ करा. आता मी विकत नाही."

शुभा दोन दिवस धड जेवली नाही. गुरुनाथला आधी हायसं वाटलं, मग संध्याकाळी ट्रेनमध्ये अचानक डोळे भरून आले. का, ते त्याला समजलं नाही.

सप्टेंबरमध्ये व्हिन्सेंट मुलीला घेऊन तिकडे गेले. एका दुपारी त्यांचा फोटो आला, दारात काठी टेकून उभे.

शुभाने फोन हातात घेऊन बघितला. "आपल्याला वाईट वाटतंय का रे?"

"कोणास ठाऊक."

"बरं, त्यांना लिही, छताची पन्हळ साफ करून घ्या. मागच्या बाजूला पाला अडकलेला मी तेव्हा बघितला होता, पावसाचं पाणी वरच्या खोलीत येईल."

गुरुनाथने तसं टाइप केलं आणि पाठवून दिलं.